घडी चालणार नाही

रबाळ्याला, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पुलाखाली
हिराजी मढवीच्या टपरीत
माझ्या स्कूटरची ट्यूब बादलीत बुडते आहे.
वीत वीत पाण्याखाली जाते,
दाबली जाते, वर येते.
बुडबुडा कुठून येतो, दोघंही बघतोय.

"करता काय तुमी?"
"कॉलेजात शिकवते. आणि अशाच ट्यूबांची वर्गवारी."
तो हसत नाही. "मापानं?"

मापाला आमच्यात किंमत नाही.
ट्यूब ताणा, फुगवा, पिळा.
आमच्या कागदावर ती स्वतःतूनही आरपार जाते,
रबर रबराला अडवत नाही.
अट एकच, चुणी नको, टोक नको;
कुठल्याही ठिपक्यावर पोस्टकार्ड सपाट टेकलं पाहिजे.

"मंग बराबर हाय.
घरी परली का ट्यूब मेली."

मला घरी ऐकू आलं.
क्षणभर वाटलं, कुणाच्या घरी?
मग त्याने खिळ्यावरची ट्रकची ट्यूब काढून दाखवली:
टायरात भरताना पडलेली घडी,
चाळीस हजार किलोमीटर तिथेच दुमडत राहिलेली,
आता फुटक्या ओठासारखी.
घडी. ड चा र.
अकरा वर्षं मी ही व्याख्या फळ्यावर लिहिते,
तिचं प्रेत पहिल्यांदा पाहिलं.

त्याच्याच पिवळ्या खडूने ट्यूबवर फेरे काढले:
एक आडवा, एक लांबीचा,
एक तिरका, दोन्हीकडून एकेकदा फिरून येणारा.
प्रत्येक फेऱ्यालगत पट्टी कापली समजा
आणि तिचे पूर्ण पीळ मोजा.
दोन पीळ एकमेकांना खातात
(कमरेच्या पट्ट्याला विचारा),
उरतो शून्य, नाहीतर एक.
चौथं मत जागचा न हललेल्या फेऱ्याचं,
ते कायम शून्य.

मग मतमोजणी.
तीन विरुद्ध एक. दरवेळी तीन विरुद्ध एक,
इथे बरोबरी होतच नाही.
फेऱ्यांची नावं लक्षात ठेवलीत तर चार वर्ग,
पुसलीत तर दोन.
तुमच्या बादलीतली साधी: तीन शून्यं,
एकटा तिरका विरोधात.

"आनि दुसरी?"

दुसरी रबरात होत नाही.
इंग्रजी आठाचा आकडा घ्या, मराठी नव्हे,
आपल्या आठाला स्वतःला छेदायची सवय नाही.
तो गोल फिरवत न्या
आणि नेता नेता एक अख्खी गिरकी द्या.
मिटला वर्तुळात की झाली दुसरी.
कितीही ताणा, पहिली होत नाही.

चेंडूचं म्हणाल तर त्याचा वर्ग एकच,
त्याच्यावरचा कुठलाही फेरा आक्रसून ठिपका होतो.
म्हणून तो न फाडता, न चुरगळता
आतला बाहेर करता येतो.
हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री
दोन वाजेपर्यंत मी मोजा उलटा करत बसले होते.
चूक उदाहरण. मोज्याला तोंड असतं.

हिराजीने कानस हातात घेतली.
"आमची पन वर्गवारी झाली.
प्रकल्पग्रस्त. साडेबारा टक्के."
टाचेने जमीन ठोकली. "भात होता हितं.
बापाचं नाव फायलीत तीन परकारानी,
पोशा, पोश्या, पोसू.
तीन नावा, मानूस येक.
ह्या सिद्ध कराला सतरा वर्सा गेली."

माझं उलटं आहे, मी म्हटलं.
दोन अगदी सारखे दिसतात,
ते एक नाहीत, हे सिद्ध करायचंय.

"मंग तुमाला जास्त लागतील."

बुडबुडा सापडला, व्हॉल्व्हपासून चार बोटांवर.
त्याने घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकलं,
ठिगळ अंगठ्याने दाबून रस्त्याकडे बघत उभा राहिला.
ट्यूब टायरात गेली तेव्हा
आतून सगळीकडे बोट फिरवलं,
डोळे मिटून, घाई नाही.

"घरी नाय."

पन्नास रुपये.
ऐरोलीकडे निघाले तेव्हा मागच्या चाकात
तीन पिवळे फेरे,
पुसायचे राहून गेलेले.